तकदीर : आधार आणि आडोसा
(इकबाल यांच्या एका छोट्या कवितेच्या निमित्ताने)

उर्दू माध्यमाच्या शाळेत इकबाल यांचा एखादा शेर भिंतीवर रंगवलेला नाही, असे सहसा होत नाही. बहुतेक ठिकाणी तो एकच असतो. माणसाने आपली 'खुदी' इतकी उंच करावी की तकदीर लिहिण्याआधी खुद्द खुदाने त्याची इच्छा विचारावी, अशा आशयाचा. 'बाल-ए-जिब्रील' (१९३५) मधला हा शेर आमच्या मुलांना तोंडपाठ असतो. स्नेहसंमेलनात तो किमान दोनदा तरी ऐकू येतो. आणि त्याच भिंतीखाली बसलेली आई पालकसभेत सांगते, "टीचर, नसीब में जो लिखा है वही होगा." भिंतीवरचा शेर आणि आईचे वाक्य यांत काही विरोध आहे, असे आईला वाटत नाही, मुलांना वाटत नाही, आणि खरे सांगायचे तर बरीच वर्षे मलाही वाटले नव्हते.

या लेखाचा विषय तो शेर नाही. इकबाल यांची दुसरी एक कविता आहे, जी कोणत्याही शाळेच्या भिंतीवर मी पाहिलेली नाही. 'जर्ब-ए-कलीम' (१९३६) या संग्रहात ती आहे. तिचे नावच 'तकदीर'. कविता म्हणजे इब्लीस आणि यझदान, म्हणजे सैतान आणि ईश्वर, यांच्यातला चार-दोन वाक्यांचा संवाद. कल्पना मुहियुद्दीन इब्न अरबी यांच्याकडून घेतल्याची नोंद इकबाल यांनी स्वतःच केली आहे.

संवाद असा आहे. इब्लीस म्हणतो, आदमशी माझे काही वैर नव्हते. तुझ्यासमोर गर्व करण्याची माझी बिशाद नव्हती. पण मी सजदा करावा हेच तुझ्या मशीयतीत नव्हते, मग मी काय करणार? ईश्वर त्याच्यावर चिडत नाही, शास्त्रार्थही करत नाही. तो एकच प्रश्न विचारतो : हे रहस्य तुला कधी कळले, नकार देण्याआधी की दिल्यानंतर? इब्लीस उत्तरतो, नंतर. मग ईश्वर फरिश्त्यांकडे वळून सांगतो की, हा युक्तिवाद याला याच्या हीन स्वभावाने शिकवला आहे. स्वतःच्या स्वातंत्र्याला हा सक्तीचे नाव देतो आहे.

कविता इथेच संपते. जब्र आणि कद्र, म्हणजे माणूस बांधलेला की मोकळा, या वादावर हजार-बाराशे वर्षांत ग्रंथांचे ढीग लिहिले गेले. त्यातले बरेचसे सामान्य वाचकाच्या हाती लागत नाही. इकबाल यांनी तो वाद सोडवलेला नाही. त्यांनी फक्त एक कसोटी हातात दिली आहे : तकदीरचे नाव तू केव्हा घेतलेस? माझ्या मते ही कसोटी आपल्या धर्मविचाराला लागू पडते, आपल्या समाजाला लागू पडते, आणि या वार्षिकात आपण जे लिहितो त्यालाही लागू पडते.

शब्दांची हकिकत

प्रथम शब्द पाहू. अरबीत 'कद्र' या धातूचा अर्थ माप, अंदाज, योग्यता. 'तकदीर' म्हणजे मापून देणे, प्रमाण ठरवणे. मराठीत आपण एखाद्याच्या कष्टांची 'कदर' करतो, तो याच घरातला शब्द. 'नशीब' म्हणजे मुळात वाटा, हिस्सा. 'किस्मत' म्हणजे वाटणी. 'कजा' म्हणजे निवाडा. आपला 'काझी' त्याच धातूचा. यांतल्या एकाही शब्दाच्या मुळाशी 'हातपाय गाळून बस' असा अर्थ नाही. माप, वाटा, निवाडा हे सगळे शब्द न्यायाच्या आणि हिशेबाच्या व्यवहारातले आहेत.

याच्या शेजारी मराठीतले जुने शब्द ठेवावेत : दैव, प्रारब्ध, ललाटीचा लेख. आमच्या कोकणात शेजाऱ्यापाजाऱ्यांची सटवाई सहाव्या रात्री येऊन बाळाच्या कपाळी लेख लिहून जाते. छट्टी आपल्याही कित्येक घरांत होत आली आहे. मुसलमानांच्या मराठी लेखनात 'तकदीर'साठी सर्रास 'प्रारब्ध' वापरले जाते, पण ते बरोबर नाही. प्रारब्धामागे पूर्वजन्माचे संचित असते; आजचे दुःख हे कुठल्यातरी जुन्या कर्माचे फळ असते. इस्लाममध्ये पूर्वजन्म नाही. म्हणून अपंग जन्मलेल्या बाळाने किंवा गरीब घरात जन्मलेल्या मुलीने आधी काहीतरी केले असेल, असे म्हणायला आपल्याकडे वावच नाही. 'तकदीर'चे 'प्रारब्ध' केले की हा आरोप नकळत आत शिरतो. हिंदू विचारवंतही या प्रश्नाशी झगडले आहेत, हेही नोंदवले पाहिजे. लोकमान्य टिळकांनी 'गीतारहस्य' (१९१५) मध्ये कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य यांवर स्वतंत्र प्रकरण लिहिले, ते उगाच नव्हे.

याहून मौजेची गोष्ट पुढे आहे. आम्ही कोकणी मुसलमान शाफई. शाफई परंपरेत इमाम अशअरी (दहावे शतक) यांचा विचार रुजला. माणसाची कृती निर्माण करतो अल्लाह, पण माणूस ती 'कस्ब' करतो, म्हणजे कमावतो, म्हणून जबाबदारी त्याची, असे अशअरी म्हणतात. मीरा रोडला आमच्या मजल्यावरचे शेजारी मालेगावचे आणि उत्तर प्रदेशचे, म्हणजे हनफी. त्यांच्या परंपरेचे इमाम मातुरीदी (मृत्यू ९४४) माणसाला खराखुरा 'इख्तियार', म्हणजे निवडीचा अधिकार देतात. एकाच मजल्यावर दोन्ही इमाम नांदतात आणि पाण्याच्या टँकरवरून भांडतानाही कोणाला त्याची आठवण होत नाही. पण मराठी भाषेने दोघांचेही शब्द जपून ठेवले आहेत. अशअरींचा 'कस्ब' म्हणजे आपले 'कसब'. मातुरीदींचा 'इख्तियार' म्हणजे आपला 'अखत्यार'. ही बाब माझ्या अखत्यारीत येत नाही, असे कार्यालयातला कारकून रोज सांगतो, तेव्हा तो नकळत इल्मे-कलाममधली परिभाषाच वापरत असतो!

तात्पर्य, माणसाला पूर्णपणे लाकडाचा ओंडका मानणारा 'जब्रिया' विचार मुख्य प्रवाहातल्या दोन्ही परंपरांनी नाकारला आहे. एकाने कसब राखले, दुसऱ्याने अखत्यार राखला. मग आपल्या बोलण्यात जब्रिया आला कुठून?

सत्तेची सोय

याचे उत्तर इतिहासात आहे. इकबाल यांनी 'इस्लाममधील धार्मिक विचारांची पुनर्रचना' या इंग्रजी व्याख्यानांत (पहिले प्रकाशन १९३०) ते स्पष्ट दिले आहे. उमय्या राज्यकर्त्यांना करबलाचे कृत्य टांगायला एक खुंटी हवी होती, आणि ती त्यांना तकदीरमध्ये सापडली, अशा आशयाचे विवेचन त्यांनी केले आहे. माबद जुहनी यांनी हसन बसरी यांना विचारले होते की, हे लोक मुसलमानांना मारतात आणि वर ही अल्लाहची कजा म्हणतात, हे कसे? हसन बसरी (मृत्यू ७२८) यांनी अशा लोकांना खोटारडे ठरवले, हा प्रसंगही इकबाल तिथे देतात. माबद यांना पुढे ठार करण्यात आले. माणूस आपल्या कृतीला जबाबदार आहे, हे म्हणणे म्हणजे खलिफाही आपल्या कृतीला जबाबदार आहे असे म्हणणे होते. आणि ते दरबाराला परवडणारे नव्हते.

इमाम तबरी यांच्या इतिहासात कूफ्याच्या दरबारातला एक प्रसंग आहे. आमच्या भागात मुहर्रमच्या मजलिसींमधून तो दरवर्षी सांगितला जातो. हिजरी ६१, म्हणजे इ.स. ६८०. करबलानंतर कैद्यांना इब्न जियादसमोर उभे केले आहे. आजारी जैनुल आबिदीन आपले नाव अली असे सांगतात. इब्न जियाद विचारतो की, अली बिन हुसैनला तर अल्लाहने मारले ना? ते उत्तरतात की, माझा एक भाऊही अली नावाचा होता, त्याला लोकांनी मारले. इब्न जियाद पुन्हा म्हणतो, नाही, अल्लाहने मारले.

मी सुन्नी घरातली. पण हा प्रसंग मी शेजारच्या मजलिसीत पहिल्यांदा ऐकला तेव्हा अंगावर काटा आला होता. तकदीरवरचा सगळा वाद या दोन वाक्यांत आहे. मारणारा म्हणतो, अल्लाहने मारले. ज्याचा भाऊ गेला तो म्हणतो, लोकांनी मारले. दोघेही अल्लाहला मानतात. प्रश्न आहे, कोण बोलतो आहे आणि कोणाच्या दुःखाबद्दल बोलतो आहे, हा.

कुरआनही ही पळवाट ओळखतो. सूरह अनआममध्ये (आयत १४८) मूर्तिपूजकांचा हाच युक्तिवाद येतो की, अल्लाहने चाहले असते तर आम्ही शिर्क केला नसता. आणि तो फेटाळला जातो. सूरह यासीन आपण मरणाऱ्याच्या उशाशी बसून वाचतो. तिच्यातल्या ४७ व्या आयतीकडे मात्र आपले लक्ष जात नाही. गरिबांवर खर्च करा म्हटल्यावर इन्कार करणारे तिथे म्हणतात की, अल्लाहने मनात आणले असते तर ज्यांना त्यानेच खायला घातले असते, त्यांना आम्ही का घालावे? श्रीमंताच्या तोंडी तकदीर आली की तिचे काय होते, याचे इतके नेमके चित्र मी दुसरीकडे वाचलेले नाही.

'मर्जी' कोणाची?

आता घराजवळ येऊ. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शीळफाट्याच्या लकी कंपाउंडमध्ये एक बेकायदा इमारत कोसळली. ७४ माणसे मेली. वर मजले चढत होते आणि खाली माणसे राहत होती. बिल्डरांबरोबर महापालिकेच्या अधिकाऱ्यांनाही अटक झाली. मीरा रोड काय, मुंब्रा काय, दोन्ही ठिकाणी १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतून आलेली हजारो मुस्लिम कुटुंबे आहेत. माझे अब्बा त्यांपैकीच एक. त्यामुळे त्या दिवशी आमच्या इमारतीतले सगळे टीव्हीसमोर होते. कोणीतरी म्हणाले, "अल्लाह की मर्जी." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली.

आज वाटते, तो शब्द चुकला. 'मर्जी' हा शब्द 'रिजा'पासून आला आहे. राजी, राजीखुशी हे त्याचेच भाऊबंद. मर्जी म्हणजे पसंती. आपले उलमा 'मशीयत' आणि 'रिजा' यांत फरक करतात. जगात काहीही घडते ते त्याच्या मशीयतीबाहेर घडत नाही, पण जे घडते ते सगळे त्याला पसंत असते असे नाही. सूरह जुमरच्या सातव्या आयतीत, तो आपल्या बंद्यांसाठी कुफ्र पसंत करत नाही, असा स्पष्ट निर्वाळा आहे. इकबाल यांचा इब्लीससुद्धा 'मशीयत' हा शब्द वापरतो, 'मर्जी' म्हणत नाही. इब्लीसने जे धाडस केले नाही, ते आपण सहज करतो! सिमेंटमध्ये वाळू ज्याने मिसळली त्याची ती मर्जी होती. परवानगी नसताना डोळेझाक ज्याने केली त्याची ती मर्जी होती.

याचा अर्थ तकदीर सोडून द्यावी असा नाही. आदम आणि मूसा यांच्या वादाची हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. मूसा आदमला बोल लावतात की, तुमच्यामुळे आम्ही जन्नतमधून बाहेर पडलो. आदम म्हणतात, जे माझ्या निर्मितीआधीच लिहिले होते त्यासाठी मला दोष देता? आणि वादात आदम जिंकतात. मग आदम आणि इब्लीस यांत फरक काय राहिला? इब्न तैमिया (मृत्यू १३२८) यांनी तो उलगडून सांगितला आहे. मूसा आदमला गुन्ह्याबद्दल नव्हे, कोसळलेल्या मुसीबतीबद्दल बोलत होते. गुन्ह्याची कबुली आदमने आधीच दिली होती, तौबा केली होती. तकदीरचा हवाला मुसीबतीत चालतो, गुन्ह्यात चालत नाही.

अब्बा गेले तेव्हा अम्मीला कोणाच्या पुस्तकाने नव्हे, तकदीरने सावरले. वेळ ठरलेली होती, असे ती म्हणाली आणि चाळीस दिवसांनी उठून स्वयंपाकाला लागली. तो आधार तिच्याकडून काढून घेण्याचा हक्क मला नाही, इकबाल यांनाही नाही. स्वतःच्या दुःखावर बांधलेली तकदीर म्हणजे सब्र. दुसऱ्याच्या दुःखावर आपण बांधलेली तकदीर म्हणजे बेफिकिरी. आणि स्वतःच्या चुकीवर बांधलेली तकदीर म्हणजे इब्लीसचा युक्तिवाद.

आपल्या कथांचा शेवट

साहित्याचा विचार इथून सुरू होतो. सोलापूरला १९९० साली पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. आपले जगणे आपणच आपल्या मराठीत लिहू, ही त्यामागची उमेद होती. त्यानंतर तलाक, हुंडा, दंगल, बेकारी हे विषय आपल्या कथांत आले आणि धीटपणे आले. पण कितीतरी कथांचा शेवट मात्र एकाच वळणाचा असतो. नायिका खिडकीशी उभी राहते, दूरवर अजान होते, आणि ती मनाशी म्हणते की, अल्लाहच्या मनात हेच होते. कथा संपते. लेखकाला वाटते, आपण पात्राची श्रद्धा दाखवली. वास्तविक त्याने कथेतल्या सासऱ्याची, दलालाची, मालकाची सुटका केलेली असते. पात्राने तकदीर म्हणणे वेगळे. ते तिचे सब्र आहे. लेखकाने तिच्या आडून तकदीर म्हणणे वेगळे; तो आडोसा आहे. कथेत इब्न जियादचे वाक्य जैनुल आबिदीनच्या तोंडी घालून चालत नाही.

याच्या उलट टोकाचा दोष भिंतीवरच्या शेरात, म्हणजे आपण तो ज्या रीतीने वापरतो त्यात आहे. खुदी उंच कर म्हटले की संपले. मग जो पोरगा दहावीला गळतो, यंत्रमागावर नाहीतर गॅरेजवर जातो, त्याने खुदी उंच केली नाही, असा निकाल आपोआप लागतो. आधी नशिबाला दोष होता, आता पोराला. व्यवस्था दोन्ही वेळा नामानिराळी. आपल्या 'प्रेरणादायी' लेखनात हे फार झाले आहे. इकबाल यांच्याही कवितेची ही मर्यादा मानावी लागेल. त्यांच्या 'तकदीर'मध्ये फक्त अपराधी बोलतो. ज्याच्यावर अन्याय झाला तो तिथे येतच नाही. त्याच्यासाठी वाचकाला हजरत उमर यांच्याकडे जावे लागते.

शाम देशात अमवासची प्लेग पसरली होती. हिजरी १८ च्या सुमाराची गोष्ट. वाटेत सर्गजवळ हजरत उमर यांना बातमी कळली आणि त्यांनी लोकांना घेऊन परतायचे ठरवले. अबू उबैदा यांनी विचारले, अल्लाहच्या तकदीरपासून पळता? उमर यांनी उत्तर दिले की, होय, अल्लाहच्या एका तकदीरकडून त्याच्याच दुसऱ्या तकदीरकडे. मग त्यांनी दाखला दिला की, दरीच्या एका अंगाला हिरवळ आणि दुसऱ्या अंगाला माळ असेल, तर उंट कुठेही चारले तरी ते अल्लाहच्या तकदीरनेच चरतील. पण राखणदाराने हिरवळ निवडायची असते. २०२० च्या साथीत मशिदी बंद ठेवाव्या लागल्या तेव्हा हा प्रसंग पुष्कळांनी सांगितला. साथ ओसरली आणि आपण तो पुन्हा विसरलो. उमर यांनी तकदीरचे नाव कृतीच्या आधी घेतले, आणि इतरांचे जीव वाचवण्यासाठी घेतले. इब्लीसने नंतर घेतले, स्वतःला वाचवण्यासाठी. मौलाना मौदूदी यांचा जन्म १९०३ साली तेव्हाच्या औरंगाबादचा, आजच्या छत्रपती संभाजीनगरचा. 'मसला-ए-जब्र-ओ-कद्र' या पुस्तकात त्यांनी म्हटले आहे की, कुरआनातले तकदीरचे उल्लेख तत्त्वज्ञानाचे कोडे सोडवण्यासाठी नाहीत, माणसाच्या वर्तनावर परिणाम व्हावा म्हणून आहेत. त्यांच्या इतर मतांशी कोणाचे पटो न पटो, हा मुद्दा मोलाचा आहे. तकदीरवर विश्वास ठेवून माणूस काय करतो, यावरून तो विश्वास ओळखावा.

एक कबुली

हे सगळे लिहिण्याचा अधिकार मला आहे का, असा प्रश्न आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या सहावीच्या वर्गात एक मुलगी होती. फळ्यावरचे कधीच उतरवून घ्यायची नाही. वही कोरी. विचारले की खाली मान. तिची आई धुणीभांडी करणारी. ती म्हणाली, "टीचर, इसके नसीब में पढ़ाई नहीं है." मी समजुतीच्या सुरात म्हटले, "अल्लाह बेहतर करेगा." वर्गात ६० मुले होती. मला ते वाक्य सोयीचे होते.

पुढच्या वर्षी दुसऱ्या शिक्षिकेने तिला पहिल्या बाकावर बसवले, मग डोळे तपासायला पाठवले. जाड भिंगांचा चष्मा लागला. मुलीला फळा दिसत नव्हता, एवढेच होते. चष्मा लावून ती जिन्यात मला भेटली आणि मोठ्याने हसून सलाम केला. तिच्या मनात काही नव्हते. माझ्या मनात मात्र इकबाल यांच्या कवितेतला तो प्रश्न आला : कधी कळले, आधी की नंतर? बी.एड.ला दृष्टिदोषाची लक्षणे शिकवलेली होती. परीक्षेत मी ती लिहिलीही होती. तिचा पहिला बाक माझ्या अखत्यारीत होता. शिक्षिकेचे कसब म्हणतात ते याहून वेगळे काय असते? मी दोन्ही खाली ठेवले आणि तकदीरचे नाव घेतले.

अल्लाहने तिच्यासाठी काय मापून ठेवले होते, हे मला तेव्हा माहीत नव्हते, आजही नाही. कोणालाच नसते. म्हणूनच कृतीच्या आधी तकदीर आपल्याला अडवू शकत नाही; ती आपल्याला दिसते ती नंतरच. दिसल्यावर सब्र करावे, शुक्र करावे, आणि चूक आपली असेल तर आदमसारखी ती कबूल करावी.

या वर्षी आमच्या शाळेच्या भिंतींना नवा रंग लागणार आहे. शेर तोच राहील, त्याला माझी हरकत नाही. जूनमध्ये वर्ग भरले की पहिल्या आठवड्यात मी सगळ्यांना एकेक करून शेवटच्या बाकावरून तो शेर वाचायला लावणार आहे. ज्याला वाचता येणार नाही, त्याला पुढे बसवायचे आणि डोळे तपासायला पाठवायचे.